सर्वांत जवळची होडी कुठे आहे?

ज्यांनी २००० ते २०१० या दशकात आपला पहिला मोबाईल घेतला, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. फोनच्या सेटिंगमध्ये 'सेल इन्फो' नावाची सोय सुरू करून ५० क्रमांकाची वाहिनी निवडली की पडद्यावर त्या त्या ठिकाणच्या टॉवरचे नाव उमटत असे. रात्रीच्या रेल्वे प्रवासात स्टेशनची पाटी दिसत नसतांना प्रवासी फोन उघडून "आता अमुक गाव आले" असे शेजाऱ्याला सांगत. त्यासाठी इंटरनेट लागत नव्हते, उपग्रहही लागत नव्हता. टॉवर आपल्या परिसरातल्या सर्व फोनना एकच छोटा मजकूर पुन्हा पुन्हा ऐकवत असे, इतकेच. मराठी मुलखाबाहेर नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्यांना ती सोय विशेष मोलाची वाटे; कारण पाटीवरची लिपी अनोळखी असली तरी फोनवर रोमन अक्षरांत नाव येई.

या छोट्या सोयीत प्रशासनाच्या दृष्टीने एक महत्त्वाचे तत्त्व होते. जागेशी निगडित माहिती त्या जागेवर असलेल्या प्रत्येकाला देता येते. तो कोण, कुठला, त्याचा नंबर कोणता, हे विचारावे लागत नाही. पुढे फोन हुशार झाले, नकाशे आले आणि फोनला आपली जागा काही मीटरपर्यंत अचूक कळू लागली. तरीही एक प्रश्न जसाच्या तसा उरला आहे. पूर, भूकंप, वादळ किंवा साथ आली की माणसाला आपण कुठे आहोत हे ठाऊकच असते. त्याला हवे असते ते दुसरेच: सर्वांत जवळची होडी कुठे आहे, जेसीबी कोणाकडे आहे, कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, कोणत्या रक्तपेढीत आपल्या गटाचे रक्त आहे, निवाऱ्याची शाळा कोणती. ही माहिती मोबाईलच्या जाळ्यातून त्याच्यापर्यंत अजूनही भरवशाने पोचत नाही. ती का पोचत नाही, याचा शोध घेतांना माझे असे मत झाले आहे की अडचण तंत्रज्ञानाची फार थोडी आहे. या माहितीला मालक नाही आणि तिच्यावर तारीख नाही, ही खरी अडचण आहे.

थोडा इतिहास पाहू. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला, १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळून सुमारे १०,००० माणसे गेली, आणि २६ जानेवारी २००१ रोजी भुजच्या भूकंपात १३,००० हून अधिक. प्रत्येक वेळी प्रशासनापुढे पहिल्या दोन दिवसांत जे प्रश्न आले ते एकाच जातीचे होते. स्लॅब कापण्याची यंत्रे कुठे आहेत? क्रेन कोणाकडे आहेत? तंबू, जनरेटर, पाण्याचे टँकर, अस्थिरोगतज्ज्ञ कुठून आणायचे? देशात ही साधने नव्हती असे नाही. ती कुठे आहेत हे एका ठिकाणी लिहिलेले नव्हते. या अनुभवातून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केंद्रीय गृह मंत्रालयाने 'इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क' नावाची संगणकीय यादी उभी केली. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या हद्दीतील दोनशेहून अधिक प्रकारच्या साधनांची नोंद तीत करायची, ठराविक काळाने ती तपासून अद्ययावत करायची, आणि कोणत्याही जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला शेजारच्या जिल्ह्यातील साधन शोधता यावे, अशी ही कल्पना होती. त्या काळाच्या मानाने ती निश्चितच दूरदृष्टीची होती. पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे झाली, आणि यादीला कायद्याची चौकटही मिळाली.

मग यादीचे काय झाले? मी नोकरीत असतांना एका जिल्ह्यात पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीला हजर होतो. साधनांची यादी सुबक छापून समोर ठेवलेली होती. सहज म्हणून मी तिच्यातील दहा नोंदी निवडल्या आणि बैठक चालू असतांनाच त्या नंबरांवर फोन लावायला सांगितले. तीन नंबर बंद होते. एका नावेचा मालक दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि नाव विकली गेली होती. एका कंत्राटदाराचे जेसीबी शेजारच्या राज्यात रस्त्याच्या कामावर होते. एका ठिकाणी फोन उचलणाऱ्याला आपले नाव कोणत्या यादीत आहे हेच माहीत नव्हते. यात त्या कार्यालयातील कोणाचा आळस होता असे मी म्हणणार नाही. ज्या लिपिकाने ती यादी टंकलिखित केली होती, त्याच्याकडे आणखी अकरा विषयांची टेबले होती. यादी पाठवली की काम संपले, असे वरून येणाऱ्या पत्राचाच सूर सांगत होता. पत्रात "माहिती सादर करावी" असे असते. "माहिती जिवंत ठेवावी" असे कुठल्याच पत्रात नसते.

साधनाची जागा ही माहितीचा सर्वांत सोपा भाग आहे. अक्षांश-रेखांश एकदा नोंदवले की झाले. पण होडी चालू स्थितीत आहे का, नावाडी गावात आहे का, डिझेल आहे का, हे दर आठवड्याला बदलते. ही बदलती माहिती ज्याच्याजवळ असते तो माणूस यादीच्या बाहेर आणि ज्याच्याकडे यादी आहे तो माणूस माहितीच्या बाहेर, अशी आपली रचना आहे. यावर उत्तम नकाशा चिकटवला तरी काय उपयोग? चुकीची माहिती नकाशावर आली की ती अधिक खरी वाटते आणि म्हणून अधिक घातक ठरते. बुडत्या वस्तीतला माणूस जर नकाशा पाहून, जिथे होडी नाही त्या दिशेला कंबरभर पाण्यातून निघाला, तर त्याला त्या नकाशाने काहीच न सांगणे बरे होते.

याच्या उलट उदाहरणे आपल्याच देशात आहेत, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. त्या वेळी सुमारे साडेचार हजार मच्छीमार ६६९ होड्या घेऊन पुरात उतरले आणि त्यांनी सुमारे ६५,००० माणसे वाचवली, हे आता सर्वश्रुत आहे. होड्या किनाऱ्यावरून ट्रकवर चढवून आतल्या गावांपर्यंत नेण्यात आल्या. दुसरीकडे राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेने स्वयंसेवकांच्या मदतीने एक संकेतस्थळ काही तासांत उभे केले. त्यावर अडकलेल्या लोकांनी आपली जागा आणि गरज लिहावी, आणि जिल्हा नियंत्रण कक्षांनी ती पाहून मदत पाठवावी, अशी सोय होती. आता लक्षात घेण्याजोगे असे की होड्यांची माहिती आपत्ती विभागाने नव्याने गोळा केली नव्हती. होड्यांची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे असतेच, आणि कोणती होडी आज किनाऱ्यावर आहे हे मच्छीमारांच्या वस्तीला, त्यांच्या संघटनांना व चर्चना माहीत असते. म्हणजे माहिती आधीपासून होती. ज्यांच्याजवळ होती त्यांनाच मदतीत उतरवल्यामुळे ती उपयोगी पडली. राज्य सरकारने होडीमागे दररोज ३,००० रुपये, इंधन आणि दुरुस्तीचा खर्च देण्याची घोषणाही लगोलग केली. या शेवटच्या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरे उदाहरण कोविडच्या काळातले आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायू आणि खाटा यांच्या याद्या लाखो फोनवरून फिरत होत्या. त्यांतील बहुतेक नंबर शिळे होते. कोणाचा फोन लागत नसे, तर कोणी "कालच संपले" असे सांगे. काही तरुण स्वयंसेवकांनी मात्र एक साधी शिस्त पाळली. प्रत्येक नोंदीपुढे ती कधी तपासली ती वेळ लिहायची, आणि काही तासांनी ती नोंद काढून टाकायची. सरकारी याद्यांना जे वीस वर्षांत जमले नाही ते या मुलांनी वेळेच्या एका रकान्याने साधले. मुंबई महापालिकेने २०२० मध्येच आपल्या २४ प्रभागांत स्वतंत्र वॉर रूम सुरू केल्या होत्या. खाटांची माहिती एका मध्यवर्ती फलकावर, पण खाट देण्याचा निर्णय आणि रुग्णाशी बोलण्याची जबाबदारी प्रभागाची, अशी विभागणी होती. आपल्या प्रभागातील रुग्णालयात खरोखर किती खाटा आहेत हे प्रभागाला विचारायला जागाही होती आणि कारणही होते. माहितीला मालक मिळाला.

तिसरे उदाहरण कमी चर्चेत येते, पण मला ते सर्वांत शिकवणारे वाटते. 'एक देश एक शिधापत्रिका' ही योजना २०२२ च्या जूनपर्यंत सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकातल्या दुकानातून आपले धान्य उचलू शकतो, आणि जवळचे रेशन दुकान शोधण्यासाठी मोबाईलवर ॲपही आहे. येथे दुकानाची माहिती बऱ्याच अंशी ताजी राहते याचे कारण वेगळे कोणी ती 'अद्ययावत' करीत बसत नाही. दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटला की व्यवहाराची नोंद आपोआप वर जाते. ज्या कामासाठी माहिती लागते ते काम करतांनाच ती सुधारली गेली, तर ती जिवंत राहते. माहिती भरण्यासाठी वेगळा माणूस, वेगळा दिवस आणि वेगळे प्रपत्र लागले की ती मरू लागते. आपत्तीच्या साधनांची यादी या दुसऱ्या जातीची आहे.

आता जाळ्याकडे वळू. माहिती ताजी असली तरी ती फोनपर्यंत पोचली पाहिजे, आणि आपत्तीत नेमके तेच कठीण होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांच्या हातात फोन होते पण ते लागत नव्हते. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. एका टॉवरला एका वेळी मर्यादित संख्येचे कॉल पेलतात, आणि संकटात सगळेच एकदम फोन करतात. टॉवरची वीज जाते, बॅटरी काही तास चालते, मग डिझेल लागते, आणि डिझेल नेणारी गाडी पाण्यात अडकते.

संदेशांचेही दोन प्रकार आहेत. एसएमएस हा पत्रासारखा असतो. लाख लोकांना पाठवायचा तर लाख पाकिटे टाकावी लागतात. सेल ब्रॉडकास्ट हा दवंडीसारखा असतो. टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनला तो एकाच वेळी ऐकू येतो, आणि त्याने जाळे तुंबत नाही. २०१९ च्या मे महिन्यात 'फनी' वादळापूर्वी ओडिशा सरकारने सुमारे २.६ कोटी एसएमएस पाठवून, स्वयंसेवक आणि भोंगे वापरून, सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले. हे काम जगाने वाखाणले आणि ते योग्यच होते. पण वादळ आदळल्यावर पुरी आणि भुवनेश्वर परिसरात वीज आणि दूरसंचार दोन्ही कोलमडले. इशारा वेळेवर पोचला. वादळानंतर "जनरेटर कुठे मिळेल, पाणी कुठे मिळेल" हे विचारण्याचा मार्ग मात्र उरला नाही. आता सी-डॉट या सरकारी संस्थेने सेल ब्रॉडकास्टची स्वदेशी यंत्रणा तयार केली आहे. २०२३ मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांत तिच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अचानक कर्कश आवाज करून आलेला संदेश अनेक वाचकांना आठवत असेल. म्हणजे पन्नास क्रमांकाची ती जुनी दवंडी आता नव्या रूपात परत आली आहे. माझे म्हणणे एवढेच की या दवंडीतून फक्त "धोका आहे" असे सांगून थांबू नये. "या टॉवरच्या टप्प्यातील निवारा अमुक शाळेत आहे, होडी अमुक घाटावर आहे, ही माहिती आज दुपारी चार वाजता तपासलेली आहे" इतके त्याच संदेशात बसते.

दुसरा प्रश्न कंपन्यांच्या भिंतींचा. एखाद्या गावात एका कंपनीचा टॉवर पडला आणि दुसरीचा उभा असला, तरी एरवी पहिल्या कंपनीच्या ग्राहकाला त्याचा उपयोग होत नाही. अलीकडे दूरसंचार विभाग आपत्तीत एकाच मंडळातील कंपन्यांना परस्परांची जाळी ग्राहकांसाठी खुली करण्याचे आदेश देतो. २०२४ च्या ऑक्टोबरात 'दाना' वादळाच्या वेळी ओडिशात आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरच्या पुरात असे झाले. हे अतिशय स्वागतार्ह आहे. परंतु आदेश निघण्याची वाट का पाहावी? एखाद्या जिल्ह्यातील ठराविक प्रमाणात टॉवर बंद पडले की ही सोय आपोआप सुरू व्हावी, अशी अट परवान्यातच घालता येईल. पहिले सहा तास कोणाच्याही सहीची वाट पाहत नसतात.

टॉवर जेथे संपतात तेथे समुद्र सुरू होतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' वादळ आले तेव्हा केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार दूर समुद्रात होते आणि इशारा त्यांच्यापर्यंत पोचला नाही. त्यांतल्या ६८ होड्या ९५२ मच्छीमारांसह आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला, देवगडजवळ, सुखरूप लागल्या. इतर कित्येकांना ते भाग्य लाभले नाही. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहाद्वारे इशारा घेऊन तो मच्छीमाराच्या मोबाईलवर देणारे 'जेमिनी' नावाचे उपकरण आले. पण त्यातून होडीकडून किनाऱ्याकडे काही सांगता येत नव्हते. दुतर्फा संदेश देणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याचा कार्यक्रम ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू करण्यात आला. धोका एकतर्फी सांगता येतो, पण मदत मागायची तर बोलणे दुतर्फाच असावे लागते, हे कळून यंत्रात उतरायला आपल्याला सात वर्षे लागली.

आता जो मुद्दा घराबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना अगदी जवळचा आहे, त्याकडे येतो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आता देशभर चालतो. २०१६ च्या नियमांमुळे फोनमध्ये संकटाची कळही आली आहे. स्मार्टफोनवर पॉवरची कळ तीनदा दाबली, किंवा साध्या फोनवर ५ अथवा ९ दाबून धरला, की मदतीची हाक जाते. हे सर्वांनी घरात शिकवून ठेवावे. पण ११२ चा कॉल जातो तो फोन करणारा जेथे आहे तेथील राज्याच्या केंद्राकडे. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाचे आईवडील सांगलीजवळच्या गावात पुरात अडकले असतील, तर मुलाने लावलेला ११२ कर्नाटकात वाजतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली गावची होडी उलटून अनेकांचे प्राण गेले. अशा वेळी बाहेरगावी असलेला मुलगा सर्वांत आधी फोन उचलतो आणि तो चुकीच्या राज्यात लागतो. मदत मागणाऱ्याची जागा आणि मदत हवी असलेल्याची जागा एकच असते, हे गृहीतक कोट्यवधी स्थलांतरितांच्या देशात चालणार नाही. एका राज्याच्या केंद्राने कॉल घेऊन तो टिपणासह दुसऱ्या राज्याकडे त्याच क्षणी सोपवणे तंत्रदृष्ट्या कठीण नाही. त्यासाठी दोन राज्यांत कार्यपद्धतीचा करार हवा.

भाषेचेही तसेच आहे. विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, देशातल्या लहानमोठ्या सराफ बाजारांत पिढ्यान्पिढ्या वसलेले आहेत. तामिळनाडूतल्या एखाद्या बाजारात पुराचा इशारा फक्त तमिळमध्ये आला, तर नुकत्याच आलेल्या पोराला तो वाचता येत नाही. तसाच ओडिशाचा मजूर पुण्यात मराठी संदेशापुढे अडतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये संदेशासोबत भाषेची खूण पाठवण्याची सोय मुळातच आहे. फोनच्या मालकाने जी भाषा निवडलेली असते ती फोनला माहीत असते. निवारा, होडी, पाणी, दवाखाना अशा वीस-पंचवीस शब्दांचे ठरीव मसुदे सर्व भाषांत आधीच करून ठेवले, तर संकटाच्या रात्री भाषांतरकार शोधावा लागणार नाही. स्थानिक भाषा प्रथम हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. तिच्या मागोमाग आणखी दोन भाषा देण्याने तिचा मान कमी होत नाही.

या सर्वांवर अधिकारी मित्रांचे काही आक्षेप असतात, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की यादी लोकांना खुली केली तर प्राणवायूच्या कारखान्यावर झुंबड उडेल, होडीच्या मालकाला रात्रभर फोन येतील. हे खरे आहे. म्हणून प्रत्येक साधनाचा तपशील सर्वांना सारखा उघडा ठेवण्याची गरज नाही. निवारा, पाणी, दवाखाना, रक्तपेढी यांची जागा सर्वांना दिसावी. होडी, क्रेन, जेसीबी यांच्या बाबतीत ती उपलब्ध आहेत इतके आणि नियंत्रण कक्षाचा नंबर दिसावा. मालकाचा नंबर कक्षापाशी राहावा. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. साधन कुठे आहे ही सार्वजनिक माहिती आहे. माणूस कुठे आहे ही त्याची स्वतःची माहिती आहे. ती मदतीपुरती घ्यावी आणि काम झाले की पुसावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपत्तीत मदतीसाठी अशी माहिती वापरायला मुभा दिली आहे. त्या मुभेचा अर्थ ती कायम साठवण्याची परवानगी असा कोणी लावू नये.

तिसरी अडचण आक्षेप म्हणून कोणी बोलून दाखवत नाही, पण ती सर्वांत मोठी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे प्रशासन खासगी साधने ताब्यात घेऊ शकते आणि कलम ६६ प्रमाणे त्याचा मोबदला द्यावा लागतो. साधन त्याच रात्री घेतले जाते. मोबदल्याची फाईल मात्र कित्येकदा वर्षभर फिरते. ज्या नावाड्याला गेल्या पुराचे भाडे मिळालेले नाही तो पुढच्या वेळी यादीत आपले नाव का देईल? मला अनेक गावांत असे लोक भेटले की ज्यांनी पुरात जीव धोक्यात घालून माणसे काढली, आणि "साहेब, नाव मात्र लिहू नका" अशी विनंतीही केली. यादीचा ताजेपणा शेवटी कोषागारावर अवलंबून असतो. केरळने मोबदला त्याच आठवड्यात जाहीर केला, याला मी म्हणूनच महत्त्व देतो.

तेव्हा नेमके काय करावे? माझ्या सूचना अशा आहेत :

१) प्रत्येक नोंदीत चार रकाने अनिवार्य असावेत : काय आहे, कुठे आहे, कोणाकडे आहे आणि शेवटचे कधी तपासले. चौथा रकाना ठराविक मुदतीपेक्षा जुना झाला की नोंद आपोआप फिकी दिसावी, आणि आणखी जुनी झाली की नकाशावरून उतरावी.

२) नव्या याद्या करू नयेत. होड्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, यंत्रे व टँकर परिवहन खात्याकडे, रक्ताचा साठा ई-रक्तकोशावर, धान्य पुरवठा खात्याकडे नोंदलेले आहे. या नोंदी परस्परांशी जोडाव्यात. २०२५ च्या दुरुस्तीने कायद्यात राष्ट्रीय व राज्य पातळीवर आपत्तीविषयक माहितीसाठ्याची तरतूद केली आहे; तो साठा म्हणजे आणखी एक प्रपत्र होऊ नये.

३) तपासण्याचे काम गावपातळीवर सोपवावे. तलाठी, ग्रामसेवक किंवा मच्छीमार सोसायटीचा सचिव यांनी महिन्यातून एकदा साध्या एसएमएसने 'आहे' किंवा 'नाही' इतकेच कळवावे, आणि त्या कामाचे थोडे मानधनही असावे.

४) इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून, कोणत्याही कंपनीच्या जाळ्यातून, एका लघुसंदेशाने जवळच्या मदतीची माहिती मिळावी.

५) ताब्यात घेतलेल्या साधनाचा मोबदला तीस दिवसांत द्यावा, आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज द्यावे.

६) जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक आढावा बैठकीत कोणत्याही दहा नोंदी निवडून समक्ष फोन लावावा. किती लागले ते इतिवृत्तात लिहावे. या एका सवयीने यादी जितकी सुधारेल तितकी दहा परिपत्रकांनी सुधारणार नाही.

यात एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी नवा उपग्रह किंवा मोठा निधी लागेल. लागेल ती रोजची देखरेख. नवे ॲप सुरू केल्याचा समारंभ होतो आणि छायाचित्र छापून येते. जुन्या यादीतला मेलेल्या माणसाचा नंबर काढून टाकल्याचा समारंभ होत नाही. पण जीव वाचतो तो त्या दुसऱ्या कामाने.

वाचकांनाही एक विनंती आहे. आपण दिल्लीत असा, हैदराबादेत असा वा परदेशात असा, आपल्या मूळ गावच्या जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक एसटीडी कोडसह आजच फोनमध्ये साठवून ठेवा. बहुतेक जिल्ह्यांत तो १०७७ आहे. सांगलीसाठी ०२३३ आणि कोल्हापूरसाठी ०२३१ हा कोड आधी लावावा लागेल. पावसाळ्याआधी एकदा तेथे फोन करा आणि नम्रपणे दोनच प्रश्न विचारा : आमच्या गावाला सर्वांत जवळची होडी किंवा निवारा कोणता, आणि ही माहिती शेवटची कधी तपासली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळेल. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर त्याच्यावर रागावू नका. असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेलाच नसेल, आणि तो पुष्कळांनी विचारला तर तो रकाना हळूहळू भरू लागेल.